ज्वारी काळी पडली त्या वर्षी

भाद्रपद सरत आला की माझे पाय आपोआप कसबा पेठेकडे वळतात. खरं तर वारज्यात आमच्या सोसायटीच्या खालीच दोन मोठी दुकानं आहेत. तिथे ज्वारी पिशवीत बंद होऊन मिळते आणि पिशवीवर एका हसऱ्या बाईचं चित्र असतं. मला ती चालत नाही. मला दाणा हातात घ्यायचा असतो. कसब्यातल्या एका गल्लीत जुने भुसारी आहेत, त्यांच्याकडे पोती अजून तोंड उघडी टाकून उभी असतात. परवा गेले, मूठभर ज्वारी तळहातावर घेतली, चष्मा कपाळावर सारला आणि एकेक दाणा उलटा करून बघायला लागले. भुसाऱ्यांनी तराजू पुसून घेतला. मग म्हणाले, "बाई, दळायची आहे की स्थळ म्हणून बघताय?"

"काळी आहे," मी म्हटलं.

"आहेच. काढणीत पाऊस लागलाय यंदा. मी कुठे पाटीवर गोरी लिहिलंय? पाहिजे तर घ्या, नाहीतर गहू आहे."

घेतली मी. भाकरी थोडी कडवट होणार, थापताना कडा फाटणार, हे ठाऊक असूनही घेतली. पावसानं भिजलेल्या ज्वारीला एक ओला, कोंदट वास असतो. कितीही उन्हं दाखवा, तो पूर्ण जात नाही. घरी येऊन डब्यात ओतताना तो वास वर आला आणि मी ओट्याशी उभी राहिले ती राहिलेच. काही वर्षांपूर्वीचा एक अख्खा हंगाम त्या डब्यातून बाहेर आला.

मी नोकरीभर बियाणं तपासलं. याच शहरातल्या एका प्रयोगशाळेत, जिथे शेतकऱ्यांचं नाव किंवा गाव येत नसे, फक्त नंबर लावलेल्या पिशव्या येत. पिशवीतले दाणे मोजून ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची आणि ती उबदार खोलीत उभी करून ठेवायची. ठरलेल्या दिवशी गुंडाळी उलगडायची. चांगले कोंब एका बाजूला, वाकडेतिकडे दुसऱ्या बाजूला, आणि जे नुसते फुगून बसले ते तिसऱ्या. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला कधी वाटलं नाही. गुंडाळी उलगडायच्या क्षणी आत काय असेल याची धाकधूक निवृत्तीच्या दिवसापर्यंत गेली नाही.

मेलेलं बी मेल्यासारखं दिसत नाही, हे या कामातलं पहिलं शिक्षण. तोच रंग, तीच चकाकी, तेच वजन. खायला घ्याल तर भाकरी तशीच गोड लागेल. जिवंत दाणा आणि मेलेला दाणा यांच्यात फरक एवढाच की एकाला ओल लागली की तो उठतो, दुसरा कुजतो. आणि हे कळायला दोघांनाही ओल्यात निजवावंच लागतं, त्याला जवळचा रस्ता नाही.

त्या वर्षी फाल्गुनात पाऊस आला. फाल्गुनातला पाऊस म्हणजे बिनबोलावलेला पाहुणा, तो येतो तेव्हा घर नेमकं पसरलेलं असतं. मांजरीला माझं माहेर. तिथे दादाची, माझ्या थोरल्या भावाची, दीडेक एकर जमीन उरली आहे. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला दोन उंच टॉवर. टॉवरची सावली दुपारनंतर ज्वारीवर पडते आणि त्या पट्ट्यातली कणसं आठवडाभर मागे राहतात. दादा त्या पट्ट्याला "ही फ्लॅटवाल्यांची" म्हणतो. पाखरं राखताना तो माळ्यावरून आरोळ्या ठोकायचा, तर टॉवरमधल्या लोकांनी एकदा तक्रार केली की सकाळी सकाळी कुणीतरी ओरडतं, मुलांची ऑनलाइन शाळा असते. दादानं त्यांच्या वॉचमनला हुरडा खायला घातला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडला.

त्या फ्लॅटवाल्या पट्ट्याची वाट बघण्यात काढणी लांबली. ज्वारी काढून रानात आडवी पसरलेली, कणसं खुडायची बाकी, आणि आभाळ फुटलं. दादानं ताडपत्री टाकली. ताडपत्रीखाली ऊब धरली, वाफ आली. पाऊस थांबल्यावर ताडपत्री उचलली तर मोत्यासारखी ज्वारी काजळी धरल्यासारखी झाली होती. काही कणसांना तर जागच्या जागी कोंब फुटले होते. मी त्या रविवारी गेले होते. दादा कणीस हातात घेऊन उभा होता आणि एकेक कोंब नखानं खुडून खाली टाकत होता. 

आमच्या घरच्या ज्वारीला नाव नाही. मोठमोठ्या वाणांना नावं असतात, नंबर असतात. आम्ही हिला नुसती "आपली" म्हणतो. आजोबांच्या आधीपासून ती घरात आहे. दरसाल उभ्या पिकातून चांगली कणसं हेरून, त्यांचं बी वेगळं ठेवून, पुढल्या साली तेच पेरायचं. दाणा टपोरा, भाकरी संध्याकाळपर्यंत मऊ, आणि कडबा असा गोड की म्हैस दुसऱ्या कडब्याला तोंड लावत नाही. असं दादा म्हणतो. म्हैस विकून बरीच वर्षं झाली, त्यामुळे पडताळा घेता येत नाही.

हे बी आमच्या घरी एकट्यानं ठेवायचं नसतं. भाद्रपदात गौरी बसतात तेव्हा त्यांच्या साडीआड अंग म्हणून मांडलेल्या डब्यांत हीच बियाण्याची ज्वारी भरतात. गौरी उठल्या की ते बी कापडी पिशव्यांत घालून माहेरवाशिणींना आणि भावकीला वाटतात. ज्वारीला बी लागतं तरी किती, एकराला पायलीभर. दादाची लेक सारिका शिरूरच्या पुढे दिली आहे, कोरडवाहू मुलखात. तिच्या सासरी लग्नापासून आमचीच ज्वारी पेरली जाते.

त्या सगळ्या उन्हाळ्यात माझ्या वहिनी ताट मांडीवर घेऊन काळा दाणा पांढऱ्यातून वेगळा काढत बसल्या. त्याच उन्हाळ्यात दादाच्या छातीत कळ आली आणि हडपसरच्या दवाखान्यात त्याला दोन स्टेंट बसवले. दादा त्यांना "स्प्रिंगा" म्हणतो. घरी आल्यावर तो खाटेवर पडून वहिनींच्या ताटाकडे बघायचा आणि म्हणायचा, "तो बघ, तो काळा ऱ्हायला." वहिनी म्हणायच्या, "तुमी पडून ऱ्हावा. माझं डोळं अजून शाबूत हायेत." असं करत करत दोन पिशव्या बी निघालं. दिसायला पांढरंशुभ्र होतं. मी हातात घेऊन बघितलं आणि मला शंका आली. पण बघून कळत नाही, हे मीच जन्मभर लोकांना सांगत आले होते.

"मी घेऊन जाते थोडं, तपासते," मी दादाला म्हटलं.

"तुझ्या कागदात न्हाई," दादा म्हणाला. "आपल्या घटात बघू."

नवरात्रात पुष्कळ घरी घटाभोवती माती पसरून त्यात सात धान्यं पेरतात. आमच्या घरी फक्त ज्वारी, आणि तीही त्या वर्षी रानात पडणारी. घट कसा उगवतो त्यावर बी किती दाट टाकायचं हे दादा ठरवतो. वडीलही तसंच ठरवायचे. मी प्रयोगशाळेत रुजू झाले त्या साली वडिलांना म्हणाले होते, "तुम्ही करता तेच मी करते, फक्त मला पगार मिळतो." ते हसले होते. देवीच्या समोर, दिव्याच्या उबेला, ओल्या मातीत बी निजवून नऊ दिवस राखण करायची. ज्यानं ही रीत घातली त्यानं भक्तीच्या पदराखाली केवढं व्यवहाराचं शहाणपण ठेवलं आहे! पण पदराखाली ठेवलेली वस्तू कधीकधी ठेवणाऱ्याच्याच लक्षात राहत नाही. ज्यांना बी बघायचं होतं त्यांनी बी बघितलं, ज्यांना नशीब बघायचं होतं त्यांनी नशीब.

त्या साली गौरी उठल्या, पण बी वाटलं गेलं नाही. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. दादा सगळ्यांना म्हणाला, "घट बसू दे. उगवू दे. मग न्या." नवरात्र लवकर होतं, पेरणीला वेळ होता. सारिकाचे फोन येत होते, "आबा, बी कधी नेऊ?" भावकीतले येऊन चहा पिऊन जात होते. कुणी उघड विचारत नव्हतं, पण निघताना प्रत्येकाची नजर फडताळाकडे जात होती. कारण बाजारात बियाणं नव्हतंच. ज्या ज्या भागात बियाण्याची ज्वारी पिकते तिथे तिथे तो फाल्गुनातला पाऊस लागला होता.

हे मला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा गुंडाळ्या उलगडाव्यात तर आत बुरशी. एकामागून एक नमुने नापास. खोलीत तोच ओला, कोंदट वास. एक दिवस बियाण्याच्या व्यापारातला एक माणूस साहेबांना भेटायला आला होता. जाताना तो माझ्या टेबलाशी थांबला आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, जरा सांभाळून घ्या. तुम्ही नापास केलंत तर लोकांनी पेरायचं काय?"

मी म्हटलं, "आणि पास केलं तर उगवायचं काय?"

उत्तर मोठं झणझणीत दिलं म्हणून सहकाऱ्यांनी कौतुक केलं. मी पुणेकर आहे, मला अशी उत्तरं सुचतात. पण बसमध्ये घरी येताना त्याचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा मोठा आहे, असं मला वाटत राहिलं. नापास केलं की बी नाही. पास केलं की मेलेलं बी. मधली वाट कुणालाच ठाऊक नव्हती. लोक खायची ज्वारी पेरायला नेत होते, आणि त्यातली निम्मी पावसाचीच. बिघडलेला हंगाम एका वर्षाचा नसतो. तो दाण्यात लपून पुढच्या वर्षात शिरतो.

अष्टमीला मी मांजरीला गेले. देवघरासमोर वाकून नमस्कार केला, आणि वर बघितलं तर घट भरभरून उगवलेला. हिरवागार, दाट, बोटभर उंच. क्षणभर माझा जीव भांड्यात पडला. मग डोळ्यांनी त्यांचं नेहमीचं काम केलं. पानं अरुंद होती, ताठ उभी होती. ज्वारीचं पहिलं पान रुंद असतं, ते जरा कलंडतं, आणि बुडाशी लालसर असतं. त्या हिरव्या दाटीत असे लालसर बुडाचे कोंब मला इकडे एक, तिकडे एक दिसले. बाकी सगळा गहू होता.

मागे वहिनी उभ्या होत्या. हातात तांब्या. "वन्सं, च्या टाकू का?" त्या म्हणाल्या, आणि आवाजावरूनच मला कळलं.

स्वयंपाकघरात त्यांनी दार लोटून घेतलं.

"तुमी वळाखलंत."

"वहिनी, गहू कुणी टाकला?"

"मीच. दळणाच्या डब्यातला. भिजवून." त्या गॅसकडे बघत बोलत होत्या. "तिसरी माळ झाली तरी माती नुसती काळीभोर. चारदोन कोंब. ज्या घरात घट उगवत न्हाई त्या घरच्या धन्याला… फुडचं मी बोलत न्हाई, वन्सं. ह्यांची छाती आत्ताच उघडून बशिवलीय. मी रातभर डोळा लावला न्हाई. सकाळी ह्ये आंघोळीला गेलं आन् मी गहू पसरला. आता बघून म्हनतात, झ्याक उगवलाय."

"पण दादा हे बघून बी वाटेल ना सगळ्यांना. भावकीला, सारिकाला."

वहिनींच्या हातातली चहापुडीची चिमूट तशीच राहिली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की हा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता.

"बियाचं ध्यानातच न्हाई आलं माझ्या," त्या हळू म्हणाल्या. "मला ह्यांचंच दिसत हुतं."

मी चहा घेतला आणि काहीच ठरवू शकले नाही. टेबलापलीकडच्या अनोळखी माणसाला झणझणीत उत्तर देणं सोपं असतं. इथे घटाला नापास म्हणायचं तर वहिनींची चोरी उघडी पडणार, आणि त्यांच्या मनात बसलेलं भय दादाच्याही मनात जाणार. पास म्हणायचं तर चार घरांची रानं मोकळी राहणार आणि आमची ज्वारी कायमची बुडणार, कारण तिचं दुसरं बी जगात कुठल्या दुकानात नव्हतं. वहिनींचा मला राग यायला हवा होता. आला नाही. नवऱ्याच्या जिवासाठी काय काय करून बघावंसं वाटतं, ते मला ठाऊक आहे. माझ्या वेळी मी दवाखान्याच्या पायऱ्या उजव्या पायानं चढत असे, आणि मी विज्ञानाची पदवीधर.

चार वाजता दादा रानात गेला, मी मागोमाग. टॉवरची सावली अर्ध्या रानावर आली होती. नांगरून, कुळवाची पाळी घालून ठेवलेली जमीन, पेरणीची वाट बघणारी. मी म्हटलं, "दादा, घटाबद्दल बोलायचंय."

"गहू हाय त्यो," दादा म्हणाला.

"तुला ठाऊक आहे?" मी म्हटलं.

"जल्मभर पेरतोय. गव्हाचा कोंब आन् जुंधळ्याचा कोंब मला कळंना झाला तर कशाला रानात यायचं?" दादा ज्वारीला जुंधळाच म्हणतो.

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला? तिला?" त्यानं एक ढेकूळ उचललं आणि बोटांनी फोडायला लागला. "ती पाटंचं उठून घटाला पाणी शिपडती आन् मग माझ्याकडं वळून बघती. श्वास चाललाय का बघती. गहू उगवल्यापास्नं जरा झोपायला लागलीय. म्हनलं, झोपू दे. मला काय हुतंय, दोन स्प्रिंगा बशिवल्यात."

"आणि बी?"

"बी मेलंय. भावकीत फोन करून सांगितलं, आमच्यावर ऱ्हाऊ नका. सारिकीला तेवढं सांगायचं ऱ्हायलंय. जीभ उचलत न्हाई." ढेकळाची माती झाली, ती त्यानं खाली सोडली. "आपला जुंधळा संपला, सुमे."

तो हे इतक्या साध्या आवाजात म्हणाला की मला भडभडून आलं. घरातलं माणूस जावं तसं वाटलं, उगीच मोठा शब्द वापरत नाही. वडील गेले तेव्हा त्यांच्या मागे ही ज्वारी होती. आता तीही जाणार होती, आणि तिच्या जागी टॉवर उभा राहणार हे आम्हा दोघांनाही न बोलता कळत होतं. त्या जमिनीवर दादाला धरून ठेवणारी तीच एक गोष्ट उरली होती.

"सारिकाकडे असेल," मी एकदम म्हटलं. "तिच्याकडे पेरणी आपल्या आधी होते. काढणी पावसाच्या आत झाली होती तिची. खायला ठेवलेली ज्वारी शिल्लक असणार."

"आसंल."

"असेल म्हणजे? आणायची की मग!"

दादा माझ्याकडे असं बघायला लागला की मी जणू त्याला चोरी करायला सांगत होते. "लेकीला दिल्यालं परत मागायचं? बापानं?"

तर हा माझा भाऊ. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही रीत बाकी गावानं कधीच सोडून दिली, पण दादा अजून सारिकाकडे जाताना स्वतःची बाटली घेऊन जातो. नातवंडं त्याला "बाटलीआजोबा" म्हणतात. मला भयंकर राग आला. मी म्हटलं, "मी मागते." तर म्हणाला, "तू मागितलंस म्हंजी मीच मागितलं. तू काय परकी हायेस?" एवढं बोलून त्यानं माझा रस्ताही बंद केला आणि मला घरातलीही करून टाकलं. भांडायचं कुणाशी?

घरी येऊन मी वहिनींना सगळं सांगितलं. दादाला गहू ठाऊक होता हे ऐकून त्या पाटावर बसल्या. "ठावं हुतं?" त्या दोनदा म्हणाल्या. "आन् मी येडी रोज पदराआड तांब्या धरून…" मग हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हंजी बी माझ्यामुळं न्हाई गेलं."

"बी फाल्गुनातच गेलं होतं, वहिनी."

"मंग दसरा झाला की आपुन सारिकीकडं जाऊ," वहिनी उठत म्हणाल्या. "मागायला न्हाई. दसऱ्याचं भेटायला. आई लेकीच्या दारात गेली तर लेक काय तिला तशीच रिकामी लावून दील व्हय?"

दादाचा नियम त्यांनी मोडला नाही, नुसता त्याच्या शेजारून वाट काढली. पुढेही मी बघितलं आहे, या बायका रीत मोडत नाहीत. रीतीचीच एक घडी उलगडून त्यात पाहिजे ते ठेवतात. आम्ही शहरात शिकलेल्या, आम्हाला मोडायचं तेवढं शिकवलं.

ते बी उगवलं, हे आधीच सांगून टाकते. आणलेल्या बियाची मूठभर ज्वारी मी वारज्याला ओल्या कागदात ठेवली, मगच दादाला पेरायला सांगितलं. पेरणीला उशीर झाला, थंडीत धाटं जरा बुटकी राहिली, पण कणसं धरली. आज मांजरीच्या त्या तुकड्यात जी ज्वारी उभी राहते ती त्याच बियाची. दादा आहे, त्याच्या स्प्रिंगाही आहेत. यंदाच्या पावसात पुन्हा थोडं नुकसान झालं, पण सारिकाकडे बी आहे, भावकीतल्या दोघांकडे आहे. आता ते एका फडताळात ठेवलेलं नाही. दादा अजूनही मानत नाही की लेकीकडून आलं. "हिच्याकडनं आलं," म्हणतो आणि वहिनींकडे बोट दाखवतो. एवढी वर्षं तो बी वाटत आला म्हणून ते वाचलं, हे त्याला सांगावंसं वाटतं. पण तो म्हणेल, वाचावं म्हून कोन वाटतंय का? आणि ते खरंच आहे.

पण दाणे काळे पडलेले बघितले की मला आठवतं ते उगवणं नाही. मला सारिकाची पडवी आठवते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं गेलो. जेवणं झाली. गप्पा झाल्या. वहिनी ज्वारीचं नावही काढीनात. मी तिच्या पत्र्याच्या कोठीकडे बघत बसले होते. शेवटी सारिकानंच विचारलं, "आई, आबांचं बी कसं उगवलं घटात? पाऊस पडला म्हणून मी तर काळजीतच होते."

"गहू ब्येस उगवला," वहिनी म्हणाल्या.

सारिका आईकडे बघत राहिली. मग उठली, कोठीचं झाकण काढलं आणि सूप भरून ज्वारी आणली. पांढरी, टपोरी. आपली. कुंकवाचा करंडा आणला, आईला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटी भरायला लागली. ओटीत तांदूळ नाहीतर गहू घालतात, तिनं ज्वारी घातली. ओंजळीमागून ओंजळ. पाच ओंजळी झाल्या, तरी ती थांबली नाही. वहिनींनी पदर दोन्ही हातांनी धरला होता आणि त्या मान खाली घालून बसल्या होत्या. नवरा जिवंत आहे म्हणून भरलेली ओटी. ज्याच्यासाठी त्यांनी घटात गहू टाकला, तेच त्यांच्या पदरात पडत होतं.

मी रिवाजाप्रमाणे थोडी मागे सरकून बसले होते. माझे यजमान जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. ओटी निघाली की आपण उठून पाणी प्यायला जायचं, नाहीतर खिडकीबाहेर बघायचं, हे मला अंगवळणी पडलं होतं. त्याचं दुःख मी करत नसे. निदान करत नाही असं सगळ्यांना सांगत असे.

सारिका सूप घेऊन माझ्याकडे वळली. "आत्या, पदर."

"अगं, मला नाही भरत," मी म्हटलं.

"माहितीय," ती म्हणाली. "पण आईच्या एकटीच्या पदरात दीड एकराचं बी मावायचं न्हाई. आन् पेरल्यावर कुठला दाणा कुणाच्या पदरातला, ते रानाला कळतंय व्हय?"

मी वहिनींकडे बघितलं. घट उगवला नाही म्हणून भ्यायलेल्या, साध्या शकुनाला जपणाऱ्या माझ्या वहिनी. मला वाटलं, याच अडवतील. त्यांनी एका हातानं स्वतःचा भरलेला पदर धरला, दुसरा हात पुढे केला आणि माझ्या पदराचं टोक उचलून माझ्याच हातात दिलं.

"धरा, वन्सं," त्या म्हणाल्या. "सांडंल."

ज्वारी पडताना फार बारीक आवाज होतो. मी मान वर केली नाही, कारण मला रडू येत होतं आणि ते मला दाखवायचं नव्हतं. नोकरीभर माझ्या हातांतून किती बी गेलं असेल, मोजलेलं, मांडलेलं, पास केलेलं, नापास केलेलं. ते सगळं मला तपासायला दिलेलं होतं. पेरायला म्हणून, माझं म्हणून, मला कुणी दिलं नव्हतं. पदर जड होत गेला, आणि मी दोन्ही हातांनी तो धरून बसले.